यात पीक चढते का?

काल सकाळी एका बुढ्यानं, माझ्याच गावात, माझ्या गळ्यात कॅमेरा लटकलेला असताना, मला तोंडावर सांगितलं की तुले फोटो काढता येत नाही. आणि वाईट म्हणजे फोटो खरंच हाललेला होता.

तसा मी सात-आठ महिन्यांपासून एका नवीन कॅमेऱ्याची वाट बघतोय. हौशी लोकांसाठी येणार येणार म्हणून चाललंय त्याचं, मान्सूनसारखं, आला म्हणे, मग थबकला म्हणे. रोज रात्री खाटेवर पडून त्याच्या अफवा वाचतो. आतला उजेड टिपणारा सेन्सर एपीएस-सी आकाराचा, म्हणजे साधारण २३.५ गुणिले १५.६ मिलिमीटर, हे मला झोपेतून उठवून विचारा. माझ्या वावराचा गट नंबर विचाराल तर सातबारा काढून बघावा लागतो.

माझं मागणं काही फार नाही. बॉडीतच स्टॅबिलायझेशन द्या, म्हणजे हात थरथरला तरी फोटो हालणार नाही, आणि तुरीचं कुटार उडालं तरी आत जाणार नाही असं काहीतरी करा. पण कंपन्यांच्या डिक्शनरीत 'हौशी' म्हणजे याला कमी दिलं तरी चालते. २०२३ मध्ये एका कंपनीनं चक्क टचस्क्रीन नसलेला कॅमेरा आणला, आठ हजाराच्या मोबाईलला जे असतं तेही नाही. आणि मॅन्युअल उघडा, बहुतेकांत लिहिलेलं असतं, तापमान ० ते ४० अंश. आमच्याकडे एप्रिल-मे महिन्यात ४० म्हणजे आज जरा बरं आहे बाप्पा. म्हणजे उन्हाळाभर कॅमेरा गोदरेजच्या कपाटात ठेवायचा का? हल्ली ते डोळा ओळखून फोकस धरणारं तंत्र आलंय, त्यांच्या याद्या पाहतो तर माणूस, कुत्रा, मांजर, पक्षी, घोडा, मोटार, रेल्वे, विमान. बैल नाही. पोळ्याला मी काय विमानाला झूल घालू?

असो. तर काल मी विहिरीजवळच्या बाभळीवर सुगरणीची घरटी टिपायला गेलो होतो. यात नर घरटं अर्धं विणतो, मग मादी येऊन आत-बाहेर बघते, पसंत नाही पडलं तर सरळ उडून जाते, बिचारा दुसरं विणायला घेतो. त्या मादीच्या येण्यासाठी मी दीड तास उभा होतो, चिखलात, पायाला गोमाश्या. तेवढ्यात मागून आवाज.

"काऊन रे, काय पायतं त्या बाभळीत?"

"सुगरण आहे आबाजी."

"कोणाची?"

मी बोट दाखवलं. आबाजीनं वर पाहिलं, मग माझ्याकडे, मग कॅमेऱ्याकडे.

"केवढ्याचा हाय हा डबा?"

खरी किंमत मी घरी सांगितलेली नाही, तर यांना काय सांगणार, म्हटलं पंचवीस हजार.

"पंचवीसात तीन बकऱ्या येतात. बरं, यात पीक चढते का?"

मला कळेना. मग उजेड पडला, ई-पीक पाहणी! वावरात उभं राहून पिकाचा फोटो ॲपमध्ये टाकायचा, मग ते पीक सातबाऱ्यावर लागतं. म्हटलं नाही आबाजी, ते मोबाईलवरच, याच्यात अक्षांश-रेखांशच नाहीत.

"मंग गळ्यात कायले अडकवलं?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, अजूनही नाही. आबाजीनं बंडीच्या खिशातून मोबाईल काढला. कोपऱ्यात तडा गेलेला, कॅमेऱ्याच्या भिंगावर खर्र्याच्या बोटाचा असा छान ठसा की सरकारनं तोच अंगठा म्हणून घ्यावा. म्हणाले, "तू फोटोवाला ना, काढ बरं माह्या पऱ्हाटीचा." पऱ्हाटी म्हणजे कपाशी. मी साडेतीनशेचं लेन्सचं फडकं काढून ते पुसलं (पाहिजे तर हसा), आणि काढला. नेमकं तेव्हाच वारं सुटलं.

आबाजीनं मोबाईल हातभर लांब धरला, मग नाकाजवळ आणला, मग पोरीचं स्थळ पाहावं तशी मान वाकडी केली. ती सुगरणीची मादी सुद्धा इतकं बघत नसेल.

"हालला."

"वाऱ्यानं झाड हाललं आबाजी, मी नाही. स्टॅबिलायझेशननं हात सावरतो, पऱ्हाटी नाही सावरत."

"माह्या नातवानं मागच्या वर्षी काढला तो नाही हालला. नववीत हाय तो."

दुसरा काढला, त्यात म्हणे बोंडं नाही दिसत. तिसऱ्यात शेजाऱ्याची तूर आली, "त्याचं पीक माह्या नावानं चढवतं का लेका." चौथा पसंत पडला. मग अपलोड. तर नेटवर्क नाही. आबाजी म्हणाले विहिरीच्या काठावर चढ, तिथं एक काडी येते. आता मी विहिरीच्या कठड्यावर, एका हातात मोबाईल आभाळाकडे, गळ्यात कॅमेरा झुलतोय, आणि पडद्यावर ते गोल गोल फिरतंय. मला आठवलं, १९७५ मध्ये कोडॅकच्या स्टीव्हन सॅसननं पहिला डिजिटल कॅमेरा बनवला तेव्हा एक फोटो कॅसेटवर उतरायला २३ सेकंद लागायचे. साडेतीन किलोच्या वरचं धूड, १०० गुणिले १०० पिक्सेल. पन्नास वर्षं झाली, मी आमच्या शिवारात आठ मिनिटं हात वर करून उभा होतो. टॉवर गावाच्या उशाशी आहे, रिचार्जचे पैसे दरवेळी वाढतात, आणि काडी येते ती विहिरीत पडायच्या बेतात उभं राहिल्यावर. यात हसण्यासारखं काय आहे, मला खरंच नाही दिसत.

चढलं एकदाचं. उतरलो तर आबाजी म्हणतात, "मघा तुही सुगरण आली होती. दोनदा आत गेली. तू तिकडे हात वर करून होता, म्हणून नाही बोललो."

संध्याकाळी पानठेल्यावर गेलो तर बातमी माझ्याआधी पोचलेली. एवढा कॅमेरा घेऊन हिंडते अन् पऱ्हाटी हालवते. आणि तरीही, हे मला समजत नाही, तिघं जण मोबाईल घेऊन आलेच, भाऊ आमचंही चढवून द्या. उद्या साडेसातला एकाच्या सोयाबीनमध्ये जायचंय. माझं स्वतःचं पीक अजून चढवायचं बाकी आहे, गट नंबर सापडत नाहीये.