पिसदुऱ्याचे गोटे: अंडी नव्हेत, लाखांचा भावही नाही

वरोरा तालुक्यातल्या पिसदुऱ्याबद्दल एक मेसेज फिरतोय: शेतात सापडणारे गोटे म्हणजे डायनासोरची अंडी, आणि विद्यापीठाचा भूशास्त्र विभाग ती लाखांत विकत घेतो. दोन्ही चूक. पिसदुऱ्याचे हे गोटे म्हणजे बहुधा डायनासोरची दगड झालेली विष्ठा, आणि गावाचं नाव जगभर गेलं ते तिच्यामुळेच. हसू येईल, पण मोल तिचंच आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या या विष्ठेत गवताच्या पेशींतले सिलिकाचे सूक्ष्म कण सापडले, आणि २००५ साली ते संशोधन प्रसिद्ध झालं. डायनासोरच्या काळात गवत होतं, याचा तोवर ठोस पुरावाच नव्हता! अभ्यासक नमुने नेतात ते तपासायला, जागेची नोंद करून. नोंदीविना उचलून घरी ठेवलेला गोटा त्यांच्या फारसा कामाचा राहत नाही. तेव्हा भाव ठरवायला कुणी ‘एजंट’ आला, तर ॲडव्हान्सच्या नावाखाली त्याला एक रुपयाही देऊ नका.