‘बॉलमध्ये हवा भरा, विषय संपला’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार, बॉल कसा उसळतो या माझ्या पोस्टवरची तुमची कमेंट नीट वाचली, आणि एवढं सविस्तर लिहिलंत म्हणून उत्तरही सविस्तर देतोय. तुमचं म्हणणं थोडक्यात असं, की बॉल उसळतो तो फक्त आतल्या हवेमुळे, थंडीत उसळी कमी होते ती पण प्रेशर उतरतं म्हणून, पंप मारला की विषय संपला, आणि मी रबर, तापमान, जमीन असलं सगळं घुसवून साध्या गोष्टीचा उगाच पसारा मांडलाय. शिवाय जड बॉल जास्त उसळतो हे मी लिहिलंच नाही, अशी पण तक्रार आहे.

हवा महत्त्वाची आहे हे मी पोस्टमध्येच लिहिलंय, त्यावर वाद नाहीच. पण हवा नेमकं काय करते यावर आपलं एकमत नाहीये.

कुठलाही बॉल जिथून सोडला तेवढा परत वर येत नाही. टेनिसचा नियमच घ्या ना, स्टँडर्ड बॉल २५४ सेंमीवरून सोडला तर तो १३५ ते १४७ सेंमीपर्यंत वर यायला पाहिजे. म्हणजे अगदी नव्या कोऱ्या, पास झालेल्या बॉलची पण चाळीस टक्क्यांच्या वर उंची एका टप्प्यात जाते! ती जाते कुठे, हा माझ्या पोस्टचा मुद्दा होता. बॉल जमिनीवर आपटून चपटा होतो आणि परत गोल होतो, टेनिस बॉलच्या बाबतीत हे सगळं साधारण ५ मिलिसेकंदात उरकतं. तेवढ्या वेळात दाबली गेलेली हवा घेतलेली एनर्जी जवळजवळ सगळी परत देते, हवा या बाबतीत फार प्रामाणिक आहे. रबर तसं नाही. रबर वाकताना जेवढी एनर्जी घेतं त्यातली काही उष्णता म्हणून स्वतःकडेच ठेवतं, थोडी आवाजात आणि थरथरण्यात जाते.

आता हवा भरल्यावर उसळी का वाढते ते बघा. प्रेशर जास्त असलं की बॉल कमी चपटा होतो, रबर आणि वरचं कव्हर कमी वाकतं, एनर्जी साठवायचं जास्त काम हवेकडे जातं आणि कमी रबराकडे, म्हणून नुकसान कमी. म्हणजे हवा उसळी तयार करत नाही, रबराला फार वाकू देत नाही. हा फरक तुम्हाला शब्दांचा वाटेल पण सगळं त्याच्यावरच अवलंबून आहे. फुटबॉलच्या नियमात प्रेशर बाहेरच्या हवेपेक्षा ०.६ ते १.१ ॲटमॉस्फिअर (हवेच्या दाबाचं एकक) जास्त चालतं, खालच्या टोकापासून वरच्या टोकापर्यंत जवळपास दुप्पट, पण उसळी काही दुप्पट होत नाही. आणि प्रेशरलेस टेनिस बॉल मिळतात त्यांचं काय? त्यांच्या आत बाहेरच्यापेक्षा जास्त प्रेशर नसतंच, जाड रबराच्या जोरावर ते उसळतात. भरीव रबरी बॉल तर आत हवेची पोकळीच नसताना मस्त उसळतो.

थंडीबद्दल तुमचा हिशोब अर्धा बरोबर आहे. ३० डिग्रीला ०.८ ॲटमॉस्फिअरपर्यंत भरलेला फुटबॉल ५ डिग्रीत नेला तर गेजवर (प्रेशर मोजायच्या मीटरवर) साधारण ०.६५ दिसेल, हे खरंच आहे आणि उसळीवर त्याचा परिणाम होतोच. पण मग स्क्वॉशचा बॉल घ्या. त्याला व्हॉल्व्ह नाही, पंप मारायची सोयच नाही. मॅचमध्ये वापरतात तो दोन पिवळ्या ठिपक्यांचा बॉल थंड असताना इतका मरगळलेला असतो की खेळाडू आधी तो भिंतीवर मारून मारून गरम करून घेतात. नियमातले आकडे असे आहेत, २३ डिग्रीला त्याने सोडलेल्या उंचीच्या किमान १२ टक्के वर यायचं आणि ४५ डिग्रीला २६ ते ३३ टक्के. आता तेवढ्याच फरकात आतल्या हवेचं एकूण प्रेशर वाढतं फक्त ७ टक्क्यांच्या आसपास, मग उसळीत एवढी मोठी उडी एकट्या हवेने कशी येईल? रबर गरम झालं की ते चटकन मूळ आकारात येतं आणि कमी एनर्जी खातं, मुख्य कारण हे आहे. टेनिस बॉलची टेस्ट घ्यायच्या आधी ते २४ तास २० डिग्री आणि ६० टक्के आर्द्रतेत ठेवतात, तापमान फालतू असतं तर हा खटाटोप कोणी केला नसता.

जमिनीचं पण तसंच. ही टेस्ट जड, कडक, सपाट ठोकळ्यावर घेतात कारण खालचा पृष्ठभाग हलला, दबला की तो स्वतःच एनर्जी घेऊन टाकतो. वाळूत बॉल टाकून बघा, कितीही टाइट भरलेला असू दे, वाळू बाजूला सरकते आणि काहीच परत देत नाही. टेबल टेनिसमध्ये तर टेबलालाच नियम आहे, ३० सेंमीवरून सोडलेला बॉल सगळीकडे सारखा, साधारण २३ सेंमी उसळला पाहिजे. तिथे बॉल तोच, तपासतात टेबल.

वजनाचं थोडक्यात सांगतो. जड बॉलमध्ये एनर्जी जास्त असते पण त्याला वर जायलाही तेवढीच जास्त लागते, त्यामुळे नुसत्या वजनाने उंची ठरत नाही. क्रिकेटचा बॉल टेनिस बॉलच्या जवळपास पावणेतीन पट जड आहे, दोन्ही एकाच उंचीवरून काँक्रीटवर सोडा, टेनिसचाच वर येईल.

आणि माझ्यावर विश्वास ठेवू नका, करून बघा. फ्रिजमध्ये मावेल असा व्हॉल्व्हवाला छोटा बॉल घ्या, गेजने प्रेशर मोजा, भिंतीला टेप लावून ठरलेल्या उंचीवरून सोडा, मोबाईलवर स्लो मोशनमध्ये शूट करा. मग रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा, सकाळी थंड असतानाच हवा भरून प्रेशर आधीएवढं करा, परत थोडा वेळ आत ठेवून गेज पुन्हा बघा, आणि बाहेर काढल्या काढल्या त्याच जागी सोडा. तुमचं बरोबर असेल तर उसळी पूर्ण परत यायला हवी. माझं म्हणणं आहे की ती कमीच भरेल. जे आकडे येतील ते इथेच टाका, मला खरंच बघायचेत.