वाळूखालचं पाणी

सोलापूरकरांनो, जरा मोठं लिहितेय, पण मनापासून लिहितेय.

मार्चमध्ये लेकीकडे टूसॉनला होते. अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यातलं, सोनोरन वाळवंटातलं हे शहर. तिथलं ऊन मला परकं वाटलंच नाही. जुलैत येणाऱ्या पावसाला तिथेही मान्सूनच म्हणतात! शहराला लागून सँटा कॅटालिना डोंगर, त्यात सबिनो नावाची घळ आणि घळीतून वाहणारा ओढा. तिथे चालायला गेलो. फाटकापाशीच लेक म्हणाली, "आई, गाडी इथंच राहणार. पुढं पायी."

१९७० च्या दशकातच त्या घळीत खासगी गाड्या बंद झाल्या. ज्यांना चालवत नाही त्यांच्यासाठी उघडी बस आहे.

सुरुवातीला सगळीकडे काटेच. दुमजली घराएवढे सग्वारो निवडुंग, ज्यांना पहिली फांदी फुटायलाच ५० ते ७५ वर्षं जातात. मग एक वळण आलं आणि गारवा अंगावर आला. कॉटनवुडची झाडं, पानं अगदी पिंपळासारखी सळसळणारी. खाली खळाळणारं पाणी, हात घातला तर बधिर झाला. माथ्यावरचं माउंट लेमन २,७९० मीटर उंच, तिथलं बर्फ वितळून हे पाणी काट्यांच्या मुलखात उतरतं. वाटेत ९ ठेंगणे दगडी पूल आहेत, १९३० च्या दशकातल्या मंदीत हातांना काम म्हणून बांधलेले. आपल्याकडे दुष्काळी कामं निघायची ना, तसेच. दोन पुलांवरून पाणी वाहत होतं, बूट हातात घेऊन ओलांडले. मग एका खडकावर बसून कडक भाकरी आणि शेंगाची चटणी खाल्ली. सोलापूरहून नेलेली.

लेक म्हणाली, उन्हाळ्यात हा ओढा आटतो. मग झाडं कशी जगतात? वाळूखालच्या पाण्यावर. हे तर मला ठाऊक होतं! लहानपणी आटलेल्या ओढ्यात झिरा उकरून आम्ही वाटीवाटीनं घागर भरायचो. वाळू म्हणजे ओढ्याची साठवण. ती उपसून ट्रकात भरली की काठची झाडं वाळतात, विहिरी खोल जातात. बांधकामाला वाळू लागते हे मला कळतं, पण ओढ्याचं पोट रिकामं करून नाही.

टूसॉनला वर्षाला जेमतेम ३०० मिलिमीटर पाऊस पडतो. आपल्याकडे साधारण त्याच्या दुप्पट. आणि आपल्याला कुणी "ओढ्याकाठानं फिरायला चल" म्हटलं, तर महाबळेश्वरच आठवतं. अहो, बार्शीच्या पुढे येडशीला बालाघाटाच्या घळीत रामलिंग आहे! अभयारण्य आहे, पावसाळ्यात धबधबा आहे, देवळाला वळसा घालून जाणारा ओढा आहे. माळरानावरून एकदम त्या सावलीत उतरताना जे वाटतं, तेच मला सबिनोत वाटलं. पण आपण तिथे काय करतो? गाडी जाईल तितकी आत घालतो, मोठ्यानं गाणी लावतो, वेफर्सची पाकिटं माकडांपुढे टाकतो आणि तासाभरात परत. मीसुद्धा वर्षानुवर्षं हेच केलं, त्याचं आता फार वाईट वाटतं.

माझं म्हणणं एवढंच आहे, की अशा जागी गाड्या लांब थांबवाव्यात. म्हाताऱ्यांसाठी, अपंगांसाठी एखादी छोटी बस ठेवा. बाकीच्यांनी चालावं. चालल्याशिवाय ऊन कुठे संपलं आणि गारवा कुठे सुरू झाला ते पायांना कळत नाही.

श्रावणात सोमवारची गर्दी टाळून, मधल्या वारी एसटीनं येडशीला जाणार आहे. फाट्यावर उतरून चालत. कुणाला यायचं असेल तर कळवा, भाकरी मी आणते.