एम५१ दीर्घिकेच्या नावाखाली फोन बंद करायला लावू नका

माझी आत्या एकटी राहते. हृदयाच्या गोळ्या चालू आहेत. काल तिनं रात्रभर फोन बंद ठेवला, कारण हा फॉरवर्ड: ‘एम५१ दीर्घिकेत तारे फुटत आहेत, त्यांचे घातक किरण आज रात्री साडेबारा ते साडेतीन पृथ्वीवर येणार, फोन बंद ठेवा.’ खाली हबल या अवकाश दुर्बिणीचा फोटो आणि वर ही भर: रंग खोटे, आकार कॉम्प्युटरनं काढलेला, तारे केव्हाच मेलेले. दीर्घिका खोटी, तर किरण कुठून आले?

एम५१ ही दीर्घिका, म्हणजे ताऱ्यांचा प्रचंड समूह, सुमारे ३ कोटी प्रकाशवर्षं दूर आहे, म्हणजे तिथला प्रकाश इथं पोचायला ३ कोटी वर्षं लागतात. सुपरनोव्हापासून, म्हणजे फुटणाऱ्या ताऱ्यापासून, पृथ्वीला धोका व्हायला तो काही दशक प्रकाशवर्षांच्या आत हवा. ३० धरा. एम५१ त्याच्या दहा लाख पट लांब आहे आणि तीव्रता अंतराच्या वर्गानं घटते, म्हणजे तिथला मारा एक लाख कोटी पटींनी क्षीण होऊन पोचणार. एम५१मध्ये १९९४, २००५ आणि २०११ साली खरोखर सुपरनोव्हा दिसले. तेही दुर्बिणीतून, नुसत्या डोळ्यांना काहीच दिसलं नाही. कुणाला काय झालं?

आणि ती वेळ! प्रकाशाच्या वेगानं येणाऱ्या किरणांची बातमी त्यांच्या आधी पोचूच शकत नाही. मग साडेबारा कुणी ठरवले? वैश्विक किरण पृथ्वीवर येतात हे खरं, पण ते चोवीस तास येत असतात, बहुतेक मारा वातावरण अडवतं, आणि फोन चालू की बंद यानं काही फरक पडत नाही. रात्री छातीत दुखलं आणि फोन बंद असला, तर मात्र जीव जाऊ शकतो.

रंगांचं अर्धं मान्य. हबलचा कॅमेरा कृष्णधवल टिपतो, रंग नंतर देतात. पण वेगवेगळ्या फिल्टरमधून आलेल्या प्रकाशानुसार देतात, मनाला येईल तसे नाही. त्या गुलाबी ठिपक्यांत नवजात ताऱ्यांमुळे चमकणारा हायड्रोजन आहे, आणि त्याचा ६५६ नॅनोमीटरचा प्रकाश मुळात लालच असतो.

तारे मेलेत? आज दिसतो तो प्रकाश ३ कोटी वर्षांपूर्वी निघालेला. सर्वांत मोठे, निळे तारे ३ कोटी वर्षं टिकत नाहीत, तेव्हा ते बहुधा संपले असतील. सूर्यासारखे सुमारे हजार कोटी वर्षं जगतात.

राहिला आकार. लॉर्ड रॉस यांनी १८४५ साली आयर्लंडमध्ये ७२ इंची आरशाच्या दुर्बिणीतून एम५१ पाहिली आणि तिचे सर्पिल बाहू हातानं कागदावर काढले. तेव्हा कुठला कॉम्प्युटर होता? ते चित्र हबलच्या फोटोशेजारी ठेवा. बाहू तेच आहेत, शेजारची छोटी दीर्घिका एनजीसी ५१९५ही तिथंच आहे.