‘दम नसलेल्यांची समजूत’: एका प्रतिक्रियेला उत्तर

गेल्या आठवड्यातल्या, ब्राझिलियन जिउ-जित्सूमधल्या गार्ड पासिंगच्या (पाठीवर पडलेला गडी पायांनी अडवतो तो गार्ड, आणि ते पाय ओलांडून त्याच्या बाजूला जाणं म्हणजे पासिंग) लेखाखाली ‘मातीतला गडी’ या नावाने एक प्रतिक्रिया आली आहे. तिचं उत्तर खालच्या चौकटीत मावेना, म्हणून इथे लिहिते. ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी जशीच्या तशी देते (तिच्यातला हाफ गार्ड म्हणजे खालच्याने वरच्याचा एकच पाय आपल्या दोन पायांत अडकवणं):

“ताई, लेख वाचला. गार्ड पास झाला की 3 गुण मिळतात, 2 नाही. हाफ गार्डबद्दल एक ओळ नाही. सगळे डाव जोडीदार शांत पडलेला असताना केलेले दिसतात, खऱ्या झटापटीत दहातले किती लागतात तेही लिहा. आणि राग मानू नका, पण ‘कमी ताकदीत पासिंग’ ही अंगात दम नसलेल्यांनी काढलेली मनाची समजूत आहे. एकदा मातीत उतरा, मग कळेल.”

पहिली गोष्ट. गुणांची चूक माझी, शंभर टक्के माझी. टेकडाउनला (उभ्याला खाली पाडणं) 2, स्वीपला (खालून उलटवून वर येणं) 2, गार्ड पासला 3, माउंटला (अंगावर स्वार होऊन बसणं) 4, आणि जागा तीन सेकंद टिकवली तरच गुण. हे मला पाठ आहे, स्पर्धेत टेबलापाशी बसून गुण लिहिलेसुद्धा आहेत, आणि तरी लेखात 2 पडले. आभार. मी चूक मान्य करत नाही असं आता कुणी म्हणू नये.

आता ‘राग मानू नका’. ज्या वाक्याच्या आधी हे तीन शब्द येतात ते वाक्य राग यावा म्हणूनच बोललेलं असतं, हे लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेल्या काकांनी आपल्या सगळ्यांनाच शिकवलंय. तुम्हाला दम वाटत नाही तर तसं सरळ लिहा, मी वाचेन. पण आधी ‘ताई’ म्हणायचं, मग राग मानू नका म्हणायचं, आणि मग अंगात दम नाही म्हणायचं? हाताला गूळ लावून थोबाडीत मारण्यातला प्रकार झाला हा.

मी 56 किलोची आहे. वय 43. छत्तिसाव्या वर्षी ठाण्यात पहिल्यांदा मॅटवर पाय ठेवला आणि चार वर्षं ब्लू बेल्टवर (पांढऱ्यानंतरचा पट्टा) आहे. यातलं काही लपवलेलं नाही, ब्लॉगच्या पहिल्या पानावर लिहिलंय. म्हणजे ‘दम नसलेल्यांनी’ हा शोध तुम्ही लावलेला नाही. माझ्या अंगात 90 किलोच्या माणसाइतका दम नाही हे मला सोमवार, बुधवार आणि शनिवार असं आठवड्यातून तीनदा कळतं.

समजूत मात्र कुठे आहे ते बघू. मी लेखात ‘ताकद लागत नाही’ असं कुठेही लिहिलेलं नाही, परत जाऊन वाचा. मी लिहिलं होतं की वजन आणि ताकद या दोन वेगळ्या वस्तू आहेत, आणि आपण बहुतेक जण वजन वापरायच्या जागी ताकद वापरतो. टोरेआंडो घ्या. समोरच्याच्या पँटला गुडघ्यांपाशी पकडलं, पाय एका बाजूला भिरकावले आणि आपण दुसऱ्या बाजूने पळालो. नव्वद टक्के लोक हा पास असाच करतात. (हा आकडा माझ्या डोळ्यांचा आहे, कुणी मोजलेला नाही, लगेच धरून बसू नका.) पण भिरकावलेला पाय परत येतो. त्याला कंबरेच्या खुंटीवर नुसतं फिरायचं असतं, तुम्हाला मात्र अख्खं शरीर घेऊन वळसा घालायचा असतो. ही शर्यत तुम्ही तेव्हाच जिंकता जेव्हा तुम्ही त्याच्यापेक्षा खूप चपळ असता. मी नाही. म्हणून पाय फेकायचे नाहीत. दोन्ही हात कोपरात सरळ ठेवून अंगाचा भार तळव्यांतून खाली सोडायचा, त्याची नडगी मॅटला चिकटवायची, आणि ती तिथेच ठेवून आपण फिरायचं. पाय जागच्या जागी आणि आपण हलतोय. छाती येईपर्यंत एक तरी हात त्याच्या कंबरेवर राहिलाच पाहिजे, कारण कंबर मोकळी राहिली की गुडघा मध्ये आलाच.

यात दम लागतो का? लागतो. मनगटं भरून येतात, दुसऱ्या दिवशी चहाचा कप धरवत नाही. पण हा वेगळा दम.

नी-कट या दुसऱ्या पासचंही तसंच. उजवा गुडघा त्याच्या उजव्या मांडीवरून आडवा सरकवायचा आणि त्याच्या उजवीकडे उतरायचं. नवे लोक सगळा जोर गुडघ्यात लावतात, जणू सुरी बोथट आहे. खरं भांडण वर चाललेलं असतं: माझा उजवा हात त्याच्या डाव्या काखेखाली जातो, की त्याचा डावा हात माझ्या उजव्या काखेखाली? तो हात त्याने आधी घातला तर माझा गुडघा कितीही पुढे गेलेला असो, तो कुशीवर वळणार आणि माझ्या पाठीमागे जाणार. मी आधी घातला, डाव्या हाताने त्याची उजवी बाही वर ओढली, डोकं त्याच्या हनुवटीखाली रुतवून त्याचा चेहरा माझ्यापासून पलीकडे वळवला, तर गुडघा आपोआप सुटतो. तोंड जिकडे वळलं त्याच्या उलट बाजूला पाठीचा कणा जोरात वळू शकत नाही. झोपताना करून बघा. म्हणून हात आधी, डोकं त्याच्यासोबत, गुडघा शेवटी. ही क्रमवारी आहे, समजूत नव्हे.

आणि क्रमवारी असल्यामुळेच थांबता येतं. त्याचा एक पाय माझ्या दोन पायांत अडकवून, नडगीने दाबून मी उभी-बसती राहिले (याला हेडक्वार्टर्स म्हणतात) की तिथे मी श्वास घेऊ शकते. तो घेऊ शकत नाही, कारण त्याला काहीतरी करावंच लागतं. तो ढकलू लागला की कुठला पास करायचा ते तोच सांगतो. गेल्या महिन्यात 92 किलोच्या एका गड्याचा गार्ड मी असाच पास केला, पाच मिनिटांच्या रोलमध्ये (सरावाच्या झटापटीत) चार मिनिटं त्या एका जागेवर काढून. (होय, त्याचा तिसराच आठवडा होता. त्याचे 92 किलो मात्र जुनेच होते.)

आता तुम्ही म्हणाल, ब्राझिलियन जिउ-जित्सू घडवणाऱ्या हेलिओ ग्रेसीची गोष्ट सांगा. नाही सांगत. 1951 मध्ये माराकाना स्टेडियमवर जपानी जुदोपटू मासाहिको किमुरा त्याच्यावर बसला, हात पिरगाळला, हेलिओने हार मानली नाही आणि शेवटी त्याच्या बाजूने टॉवेल टाकावा लागला. किमुरा कितीतरी जड होता. वजनापुढे तंत्र हरतं याचा दाखला तुम्ही उद्या द्यालच, म्हणून आजच देऊन ठेवते. पण मग ब्राझीलच्या मार्सेलो गार्सियाचं काय करायचं? एडीसीसीत (ग्रॅपलिंगची मोठी जागतिक स्पर्धा) 77 किलोच्या गटात 2003, 2005, 2007 आणि 2011 अशी चार विजेतेपदं, आणि वर खुल्या गटातही उतरून त्याच्याहून कितीतरी जड माणसांशी लढत. त्याच्या अंगात दम नव्हता असं म्हणायची माझी हिंमत नाही. तुमची असेल.

खरं तर इथे थांबायला हवं होतं. पण ‘एकदा मातीत उतरा’ हे वाक्य रविवारपासून माझ्या डोक्यातून जात नाहीये.

माझे आजोबा पन्हाळा तालुक्यातल्या एका गावच्या तालमीत वस्ताद होते. मे महिन्याच्या सुट्टीत मी तिथे असायची. हौद्यातली लाल माती, तिच्यात घातलेलं तेल, ताक, हळद, लिंबू, पहाटेचे जोर, बैठका, हे सगळं मला वासासकट आठवतं. उंबऱ्याच्या बाहेरून. मुलीच्या जातीने आत पाऊल टाकायचं नाही असा नियम होता, आणि तो नियम करणारे आजोबाच होते. माझा आतेभाऊ, माझ्याहून दोन वर्षांनी लहान, पट काढायला (समोरच्याचा पाय धरून पाडायला) शिकला. मी थंडाईचे तांबे उंबऱ्यापर्यंत नेऊन ठेवले. त्यामुळे मला ‘मातीत उतरा’ असं सांगणाऱ्याला मी एवढंच विचारते की तुम्ही होतात कुठे? मी नऊ वर्षांची असताना हे सांगायला हवं होतं, आणि मला नाही, आजोबांना.

आणि तरी जे थोडं मला येतं त्याची सुरुवात त्याच माणसापासून आहे. दुपारी ओसरीवर ते मला पाठीवर झोपवायचे, एक कोपर माझ्या कंबरेच्या हाडावर नुसतं टेकवायचे आणि म्हणायचे, “हल बघू.” दुसऱ्या हाताने तंबाखू मळत असायचे. मी लाथा झाडायची, रडायची, हलायची नाही. जोर लावत नव्हते ते. सत्तरीचा माणूस, जोर होता कुठे? तीस वर्षांनी ठाण्यात माझ्या कोचने माझ्या कंबरेवर तळवा ठेवला तेव्हा मला एकदम तंबाखूचा वास आला. कुणाला हे भावुक वाटेल. वाटू दे.

हेही सांगते, कारण तुमच्या नावात माती आहे आणि तुमच्या प्रतिक्रियेत दिसत नाही. मातीत दोन्ही खांदे लागले की चितपट, कुस्ती संपली. घिस्सा असो, घुटना असो, सगळी करामत त्या क्षणापर्यंतची. त्यामुळे पाठीवर पडलेल्या माणसाच्या पायांचं पुढे काय करायचं हा प्रश्न पैलवानाला पडतच नाही. इथे मात्र पाठ टेकल्यावर खालचा गडी खूश असतो, दोन पाय आणि दोन हात अशी चार हत्यारं तुमच्याकडे रोखून पडलेला असतो. मी कितीतरी चांगले पैलवान पहिल्या दिवशी दुहेरी पट काढून समोरच्याला आपटताना पाहिलेत, आणि पुढच्या अर्ध्या मिनिटात त्याच्याच पायांच्या कात्रीत मान देऊन टॅप करताना (हात आपटून हार मानताना) पाहिलेत. दम भरपूर होता. दोन महिन्यांनी तेच लोक आम्हाला चिरडायला लागतात हे खरं आहे, ताब्याची त्यांची समज आमच्याहून जुनी असते. पण पहिल्या दिवशी नाही, आणि तुम्ही पहिल्या दिवसाचं बोलताय. मातीत उतरून मला जे कळेल त्यात गार्ड पासिंग नसेल, कारण तिथे गार्डच नाही.

राहता राहिला ‘जोडीदार शांत पडलेला असताना’ हा मुद्दा. फोटो काढायचे तर कुणीतरी शांत पडायलाच लागतं, झटापटीचे फोटो हललेले येतात. दहातले किती लागतात ते मोजायला मी काही वही घेऊन बसत नाही. (बसते. पण ती माझी वही आहे.) आणि हा प्रश्न कुणाच्याही कुठल्याही डावाबद्दल विचारता येतो, म्हणून त्यात फारसा अर्थ नाही. पुढे.

चांगल्या भाषेतल्या टीकेचं इथे स्वागत आहे, नेहमीच होतं. तुम्ही कधी ठाण्याकडे आलात तर शनिवारच्या ओपन मॅटला (सगळ्यांसाठी खुल्या सरावाला) या, खरंच या. तुम्ही खाली झोपा, मी वर. नाहीतर उलट. फक्त ‘ताई’ नको. मॅटवर तो शब्द ऐकला की माणसं हळू खेळतात, आणि मग नंतर प्रतिक्रियेत लिहितात की दम नव्हता.

लेखात 2 चे 3 केले आहेत. हाफ गार्डवर स्वतंत्र लेख लिहायचाच होता, तो तुमच्या सांगण्यावरून लिहितेय असं समजू नये. पण त्याला अजून तीनेक आठवडे लागतील. डाव्या बरगडीवर पट्टा आहे आणि डॉक्टरांनी मॅट बंद केली आहे. तो 92 किलोवाला परवा परत आला होता. आता त्याचा सातवा आठवडा आहे.