फाटे फुटलेला केस परत जुळत नाही

कढीपत्ता-जास्वंदीच्या तेलाची एक कृती व्हॉट्सअ‍ॅपवर सतत फिरत असते. कृतीबद्दल माझी तक्रार नाही, तिच्यासोबत येणाऱ्या दाव्यांबद्दल आहे. केस जिवंत असतात आणि तेलातून त्यांना पोषण मिळतं. फुटलेले फाटे महिनाभरात जुळतात. टोकं कापली की केस भराभर वाढतात. पांढरा केस पार टोकापर्यंत काळा होतो.

‘केस जिवंत असतात.’ जिवंत असतं ते कातडीखालचं मूळ. बाहेर आलेला केस हा केराटिन नावाच्या प्रथिनाचा मेलेला धागा. जिवंत असता तर कात्री लागताच आपण ओरडलो असतो. त्याला रक्तपुरवठा नाही, मग पोषण पोचणार कुठून?

‘फाटे जुळतात.’ केस महिन्याला साधारण १ सेंटिमीटर वाढतो. म्हणजे ७० सेंटिमीटर लांब वेणीचं टोक जवळजवळ सहा वर्षांचं असतं, तर मुळाजवळचा भाग गेल्या महिन्यातला. मुळाशी केसावर खवल्यांचे पाच ते दहा थर असतात, कौलांसारखे एकावर एक, तोंडं टोकाकडे. एक लांब केस चिमटीत धरून टोकाकडून मुळाकडे बोटं ओढून पाहा, खरखर जाणवेल. या खवल्यांवर पाणी झटकणारा मेदाचा अतिशय पातळ थर असतो. फणी, टॉवेल, उशी, ऊन यांनी आधी तो जातो, मग खवल्यांच्या कडा तुटतात, मग थरच्या थर. टोकाशी कवच संपलं की आतले तंतू सुटे होतात, तोच फाटा. उन्हातली अतिनील किरणं तर केराटिनमधले गंधकाचे बंध तोडतात आणि रंगही विटवतात. लांब वेणीचं टोक तांबूस दिसतं ते त्यामुळेच. हे सगळं सांधायला तिथे एकही जिवंत पेशी नसते. सिलिकॉनचं सीरम फाटे चिकटवून ठेवतं खरं, पण केस धुवेपर्यंत.

मग तेल लावूच नये? जरूर लावावं. मुंबईच्या मॅरिको कंपनीतल्या संशोधकांनी २००३ मध्ये खोबरेल, सूर्यफूल तेल आणि मिनरल ऑइल यांची तुलना प्रसिद्ध केली. केसांतल्या प्रथिनांची गळती ठळकपणे कमी केली ती फक्त खोबरेलाने. कंपनी स्वतः खोबरेल विकते, हे ध्यानात ठेवूनच वाचावं. पण कारण पटण्याजोगं आहे. खोबरेलातल्या लॉरिक आम्लाचे रेणू लहान आणि सरळ असल्याने केसात शिरतात, मग केस पाणी कमी पितो आणि कमी फुगतो. न्हाण्याआधी डोक्यावर तेल थापणाऱ्या आज्यांचं चुकत नव्हतं. फक्त त्याने पुढची झीज कमी होते, झालेली भरून येत नाही.

‘टोकं कापली की वाढ होते.’ वाढ मुळाशी, कात्री टोकाशी. फाटा वर चढायचा थांबतो, एवढाच फायदा.

‘पांढरा केस काळा होतो.’ रंग भरला जातो तो मुळात, केस तयार होत असताना. या दाव्यासाठी हल्ली कोलंबिया विद्यापीठाच्या संशोधकांचा २०२१ मधला अभ्यास पुढे केला जातो. काही पांढऱ्या केसांत रंग परतल्याचं त्यात खरोखरच नोंदलं आहे. पण संबंध जोडला आहे तो मानसिक ताण कमी होण्याशी, तेलाशी नाही. आणि रंग आला तो मुळातून नव्याने वाढलेल्या भागात. आधी बाहेर पडलेला पांढरा तुकडा पांढराच राहिला.