पिच वाढवले म्हणून वेग वाढत नाही: एका प्रचलित सल्ल्याचा प्रतिवाद

नवी अ‍ॅल्युमिनियमची मासेमारी बोट घेणाऱ्यांसाठी एक सल्ला सध्या पुष्कळ फिरतो आहे आणि मिनेसोटा, मिशिगन, ओंटारिओ येथील तळ्यांवर हौसेने गळ टाकणाऱ्या मराठी मंडळींपर्यंतही तो पोहोचला आहे. सल्ला असा: बोटीबरोबर मिळालेला १३ इंच पिचचा अ‍ॅल्युमिनियमचा पंखा (प्रोपेलर) लगेच काढून टाकावा आणि १७ इंच पिचचा स्टेनलेस स्टीलचा पंखा बसवावा. त्याने वेग वाढतो, इंजिन कमी फेऱ्यांत चालल्यामुळे पेट्रोल वाचते आणि स्टीलचा पंखा खडकाला दाद देत नाही. चार पात्यांचा पंखा मात्र निव्वळ उधळपट्टी समजावी.

यांतील वेगाच्या दाव्यासोबत एक गणितही दिलेले असते आणि त्यामुळेच तो दावा अनेकांना पटतो. पाणी मुळीच निसटले नाही तर पंखा एका फेऱ्यात जितके पुढे सरकेल ते अंतर म्हणजे पिच. इंजिनाच्या दर मिनिटाच्या फेऱ्यांना पिचने गुणून, गिअरच्या गुणोत्तराने (पंख्याच्या एका फेऱ्यामागे इंजिनाचे जितके फेरे होतात त्या आकड्याने) आणि एककांच्या रूपांतरासाठी १,०५६ ने भागले की ताशी मैलांत वेग मिळतो. १.८३ गुणोत्तराच्या ६० अश्वशक्तीच्या इंजिनावर, ५,८०० फेऱ्यांना, १३ पिचचा पंखा ३९ मैल देतो आणि १७ पिचचा ५१ मैल. गुणाकार-भागाकारात चूक नाही. चूक आहे ती दोन्ही वेळा ५,८०० हाच आकडा घेण्यात. पिच एक इंच वाढले की पूर्ण थ्रॉटलवरचे (इंजिनाला पूर्ण पेट्रोल सोडल्यावरचे) फेरे साधारण १५० ते २०० नी उतरतात, म्हणजे चार इंचांनी ते ६०० ते ८०० नी उतरणार. पाणी ढकलत न जाता त्याच्या पृष्ठभागावर चढून धावणाऱ्या बोटीचा वेग ढोबळमानाने शक्तीच्या वर्गमूळाच्या प्रमाणात वाढतो. म्हणून ३९ चे ५१ करायचे तर शक्ती सुमारे १.७ पट, म्हणजे ६० च्या जागी १०० अश्वशक्तीच्या आसपास लागेल. पंखा शक्ती निर्माण करीत नाही, इंजिनाने दिलेली शक्ती तो पाण्यावर खर्च करतो, आणि हे एक वाक्य ध्यानात ठेवले तर त्या सल्ल्यातील बहुतेक विधाने आपोआप गळून पडतात.

मग योग्य पिच ठरवायचे कसे? प्रत्येक इंजिनाच्या पुस्तिकेत पूर्ण थ्रॉटलवरच्या फेऱ्यांची मर्यादा छापलेली असते. मर्क्युरी या कंपनीच्या ६० अश्वशक्तीच्या चार-स्ट्रोक इंजिनासाठी ती ५,५०० ते ६,००० आहे. आपण नेहमी जितकी माणसे, जितके पेट्रोल, बर्फाची पेटी, बॅटऱ्या आणि नांगर घेऊन जातो, तितके सगळे ओझे भरून, ट्रिम (इंजिनाचा कल) नीट लावून, टॅकोमीटर (फेरे दाखवणारा काटा) पाहावा. काटा मर्यादेच्या वरच्या अर्ध्या भागात असेल तर पंखा योग्य आहे, मग तो विक्रेत्याने फुकट दिलेला का असेना. काटा ५,२०० वर अडकत असेल तर पिच दोन इंचांनी कमी करावे. तो ६,००० च्या पलीकडे जात असेल तर वाढवावे, आणि अशा वेळी पिच वाढवणारा माणूस अगदी बरोबर असतो. मात्र रिकाम्या बोटीत एकट्याने घेतलेली चाचणी फसवी ठरते. कोऱ्या इंजिनाची चाचणी पहिल्याच दिवशी घेऊ नये. बऱ्याच चार-स्ट्रोक इंजिनांना पहिले १० तास जपून चालवावे लागते आणि त्या काळात सलग पूर्ण थ्रॉटल वर्ज्य असतो.

सर्वांना एकच आकडा सांगणे का चुकते, याची आणखी दोन कारणे आहेत. त्याच कंपनीच्या त्याच शक्तीच्या, पण मोठ्या गिअरकेसच्या (पंख्याजवळच्या गिअरपेटीच्या) ‘कमांड थ्रस्ट’ नावाच्या इंजिनाचे गुणोत्तर २.३३ आहे, त्यामुळे पंखा सावकाश फिरतो आणि तेथे जास्त पिचच लागते. दुसरे कारण उंचीचे आहे. समुद्रसपाटीपासून दर हजार फुटांमागे इंजिनाची शक्ती साधारण ३ टक्क्यांनी घटते. कोलोरॅडोतील डिलन जलाशय सुमारे ९,००० फुटांवर आहे, तेव्हा मिशिगनमध्ये बरोबर बसलेला पंखा तेथे जड पडणार हे उघड आहे.

पेट्रोल वाचण्याच्या दाव्यात सत्याचा अंश आहे, पण तो अंश मर्यादेच्या आतच लागू होतो. पूर्ण थ्रॉटल देऊनही इंजिन ४,८०० वर दडपून राहत असेल, तर ते ओझ्याखाली कण्हत असते, बोट पाण्यावर चढायला उशीर लावते, आणि नाक वर करून पाणी ढकलण्याचा हा काळ पेट्रोलच्या दृष्टीने सर्वांत महागडा असतो. दीर्घकाळ असे चालवल्याने सिलिंडरांवर ताण येतो तो वेगळाच.

आश्चर्य याचे वाटते की मासेमारीच्या बोटीविषयीच्या या सल्ल्यात मासेमारीचा उल्लेखच नाही. वॉलाय या गोड्या पाण्यातल्या माशासाठी गळ ओढताना ताशी एक ते अडीच मैलांचा वेग लागतो. ७०० फेऱ्यांच्या आयडलिंगला (इंजिनाच्या सर्वांत संथ चालीला), वरच्याच सूत्राने, १३ पिचचा पंखा पावणेपाच मैल दाखवतो आणि १७ पिचचा सहाच्या वर. प्रत्यक्षात पाणी बरेच निसटत असल्याने दोन्ही आकडे पुष्कळ खाली येतात, पण फरक राहतोच. ज्याला बोट हळू चालवायची आहे, त्याला ती आणखी हळू होत नाही अशा पंख्याकडे ढकलणे हे विपरीतच म्हणावे लागेल.

चार पात्यांविषयीचे विधान तर सरळ चुकीचे आहे. कमाल वेग थोडा घटतो हे खरे, परंतु लाटांत आणि वळणावर पंख्याची पाण्यावरची पकड सुटत नाही, भरलेली बोट लवकर वर येते आणि कमी वेगातही वरच राहते. तीन पात्यांवरून चारवर जाताना पिच सहसा एक इंचाने कमी घ्यावे. पंखा वळणावर वारंवार हवा ओढत असेल, तर नवा पंखा घेण्यापूर्वी इंजिन किती उंचीवर बसवले आहे ते तपासावे. इंजिनाच्या पायावर, पंख्याच्या लगेच वर असलेली आडवी पट्टी बोटीच्या तळाच्या पातळीत किंवा किंचित वर असावी.

राहिला स्टीलचा प्रश्न. स्टीलची पाती पातळ असूनही वाकत नाहीत, म्हणून मोठ्या आणि वेगवान बोटींवर त्यांचा लाभ नक्की दिसतो. परंतु उत्तर ओंटारिओच्या खडकाळ तळ्यांत अ‍ॅल्युमिनियमचे पाते वाकून आघात स्वतःवर घेते, तर न वाकणाऱ्या स्टीलचा धक्का शाफ्ट आणि गिअरपर्यंत जाण्याची शक्यता वाढते. आतला रबरी हब काही भाग शोषतो, सगळा नव्हे. शिवाय स्टीलच्या एका पंख्याच्या किमतीत अ‍ॅल्युमिनियमचे अनेक पंखे येतात. ४० ते ६० अश्वशक्तीच्या बोटीला मी तरी अ‍ॅल्युमिनियमचाच पंखा सुचवीन, आणि वाचलेल्या पैशांतून तसाच दुसरा पंखा घेऊन तो पाना, नट आणि पिन यांच्यासह बोटीतच ठेवायला सांगेन. पंखा काढलाच तर त्यामागे गुंडाळलेली गळाची दोरीही पाहावी, कारण ती तेलाचे सील कापते आणि गिअरकेसमध्ये पाणी शिरू लागते.